दोन नावांचा उतारा

जयपूर,
३ फेब्रुवारी १९८५

ती. द्वारकाताईस,
सुखदेवचा जयभीम.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. आधी बातमी वाच, मग रागाव. हाउसिंग बोर्डाच्या सोडतीत माझा नंबर लागला! मालवीय नगरात दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर अंगण. चार वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं ते मी विसरूनही गेलो होतो. काल लता आणि मी बसने जाऊन घर पाहून आलो. पूर्वेला तीन खिडक्या आहेत. बाहेरच्या हातपंपाचं पाणी प्यायलो, अगदी गोड. लता तर कपाट कुठे ठेवायचं ते दोरीने भिंत मापून ठरवून आली.

आता खरी धावपळ. ३१ मेपर्यंत पैसे भरले नाहीत तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला जातं. पैसे ऑफिसच्या अॅडव्हान्समधून घ्यायचे. घर सरकारकडे गहाण राहतं आणि दर महिन्याला पगारातून कापतात. माझी नोकरी राहिली पाच वर्षं. आमचे हेड क्लार्क नंदकिशोरजी म्हणाले, "तायडेजी, इसे आख़िरी मौक़ा समझो. अगले साल आपकी उम्र में कोई फ़ाइल आगे नहीं बढ़ाएगा."

रिटायर झालो की रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार. म्हणून मागच्या महिन्यात भाड्याची जागा कशी मिळते ते बघायला गेलो होतो. घरमालकीण छान बोलत होती. आत चहा ठेवायला सांगितला. मग विचारलं, "मराठी हो, तो पंडित हो?" लता म्हणाली, "बौद्ध हैं." बाई म्हणाली, जागेचं कालच कुणाशी तरी ठरलंय. चहा आतून आलाच नाही. एकवीस वर्षं या शहरात काढली ताई, पण क्वार्टरच्या फाटकाबाहेर मी कुणाचा कोण? म्हणून हे घर मला हवंच आहे.

एक काम कर. बडनेऱ्याच्या आपल्या घराचा उतारा, ज्यावर आपली दोघांची नावं आहेत तो, मला रजिस्टरने पाठव. पुढे तुझी एक सहीही लागेल. कशाला ते पत्रात नको, भेटल्यावर सांगतो.

तुझा,
सुखदेव


बडनेरा,
१२ फेब्रुवारी १९८५

चि. सुखदेवास आशीर्वाद.

पत्र आलं आणि मी गल्लीत गूळ वाटला. बाबा जन्मभर रुळांवर हातोडा घेऊन फिरले, आणि त्यांच्या पोराचं घर राजाच्या शहरात! लताला म्हणावं, कपाट नंतर ठेव, आधी अंगणात कढीपत्ता लाव. आणि तुझी ती घरमालकीण मला एकदा भेटव. तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होते, असल्या बायकांना कसं बसवायचं ते मला ठाऊक आहे.

उतारा म्हणतोस तो कुठे ठेवलाय ते आठवत नाही. ट्रंक उपसावी लागेल आणि गुडघा साथ देत नाही. बघते.

इकडची बातमी अशी. पलीकडच्या इंदुबाईकडे तिचे दोघे भाऊ आले होते. पेढे आणले, हिरवी साडी आणली. तिसऱ्या दिवशी रिक्षात बसवून तिला रजिस्ट्री कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. बापाच्या घरातून तिचं नाव गेलं. मी म्हटलं, वाचून तरी पाहायचं होतंस. तर म्हणते कशी, "बाई, मले कुठं वाचता येते? भाऊ म्हणे सही कर, मी केली. साडी चांगली हाये पण." असं आहे. तुला आपलं सहज लिहिलं.

सही कसली ते मात्र पत्रातच लिही. मला वाचता येतं.

तुझी,
ताई


जयपूर,
३ मार्च १९८५

ती. ताईस जयभीम.

इंदुबाईचं वाचून वाईट वाटलं. असे भाऊ असतात खरे.

इथे माझी नुसती पळापळ चालली आहे. अॅडव्हान्स माझ्या एकट्याच्या पगारावर जेमतेम बसतो. विभाचा पगार धरला असता तर मोकळा श्वास घेता आला असता, पण तिची नोकरी आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही. एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर देतात, मग एक दिवस घरी बसवतात, मग पुन्हा एकोणनव्वद दिवस. दीड वर्ष झालं असं. नव्वद पुरे झाले तर कायम करायला लागेल ना! त्या एका दिवशी पोरगी सकाळपासून दारात उभी असते, पुढची ऑर्डर येते की नाही म्हणून. नंदकिशोरजी म्हणतात, असला पगार कागदावर शून्य. एम.ए. झालेली मुलगी माझी, कागदावर शून्य.

ताई, उताऱ्याचं विसरू नकोस. सही कसली ते खरंच लिहिता येत नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. समोर बसून सांगेन. तुला त्रास होईल असं काही मी करणार नाही एवढं धर. काम झालं की तुझ्यासाठी सांगानेरी साडी घेऊन येतो, लताने हिरवी पाहून ठेवली आहे.

तुझा,
सुखदेव


बडनेरा,
१४ मार्च १९८५

चि. सुखदेवास,

उतारा सापडला. रजिस्टरने पाठवला आहे. साडी आणू नकोस, माझ्याकडे साड्या आहेत.

द्वारका


जयपूर,
५ एप्रिल १९८५

ती. ताईस जयभीम.

उतारा मिळाला. तुझं दोन ओळींचं कार्ड पाहून लता म्हणाली, ताईंची तब्येत बरी नसेल. गुडघ्याला तेल लावत जा.

वरती 'सुखदेव शामराव तायडे' आणि खाली 'द्वारका शामराव तायडे' असं वाचलं आणि बराच वेळ कागद हातातच राहिला. बाबा शेवटच्या दिवसांत म्हणाले होते, "पोरहो, दोघायची नावं एकाच कागदावर राहू द्या." ते तुलाही आठवत असेल. आणि मी काय करायला निघालोय ते मला कळतंय. पण दुसरा रस्ता नाही ताई.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रजा मिळेल असं दिसतंय. तेव्हा येऊन सगळं उरकून टाकू. मालवीय नगरच्या घराला गेल्या रविवारी पुन्हा जाऊन आलो. कुलूप होतं, बाहेरूनच पाहिलं. रोज उठून ३१ मेचे दिवस मोजतो, जेवणात लक्ष लागत नाही. तू माझ्यावर रागावणार हे धरूनच चाललोय. फक्त मला तोडू नकोस.

तुझा,
सुखदेव


बडनेरा,
१७ एप्रिल १९८५

चि. सुखदेवास आशीर्वाद.

तू यायची गरज नाही. काम मी करून टाकलं आहे.

चौदा तारखेला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक आपल्या दारावरून गेली. पोरं गात होती, मी ओट्यावर उभी होते आणि माझं लक्ष मात्र तुझ्या पत्रात. घरी येऊन पेढे खायला घालशील, दोन दिवस इकडचं तिकडचं बोलशील, मग खाली मान घालून कागद पुढे करशील. ते मला डोळ्यांनी पाहायचं नव्हतं. माझा सुखदेव इंदुबाईच्या भावांसारखा दिसायला नको. म्हणून काल मंगळवारी गल्लीतल्या बळवंत आणि देवराम दोघांना साक्षीदार घेतलं आणि रजिस्ट्री कचेरीत जाऊन हक्कसोडपत्र करून आले. माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर. नक्कल सोबत आहे. आता अख्खं घर तुझं. विक, गहाण टाक, तिकडच्या घराला लाव, तुला वाटेल ते कर.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. बत्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकलं तेव्हा बाबा मला टांग्यातून याच दारात घेऊन आले होते. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे घर माह्या पोरीचं बी हाये." त्या एका वाक्यावर मी मान वर करून नोकरी केली. ते वाक्य काल मी खोडून आले असं वाटलं. कचेरीतून चालत घरी आले आणि स्वतःच्याच दाराची कडी वाजवायला हात वर झाला माझा.

पण तुझ्या त्या न आलेल्या चहाचं मनातून जात नाही. एकवीस वर्षांनी तू उंबऱ्याबाहेर उभा राहावास आणि मी इथे अर्ध्या घराला चिकटून बसावं, हे जमणार नाही मला.

एकच मागते. जिवंत आहे तोवर मागची खोली मला राहू दे. घर विकलंस तर घेणाऱ्याला तेवढं सांग.

तुझी,
ताई


जयपूर,
२४ एप्रिल १९८५

ती. ताईस जयभीम.

कागद मिळाला. तू माझ्याबद्दल असा विचार केलास याचा राग करावा की तुझ्या पायांवर डोकं ठेवावं, दोन दिवस हेच चाललंय.

तुझं घर मी विकणार नाही आणि गहाणही टाकणार नाही. मागची खोली काय मागतेस? रजेवर येईन तेव्हा सगळं पुन्हा तुझ्या नावावर करून देईन.

मालवीय नगरचं घर घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. नीट चौकशी केली तर बऱ्याच अडचणी निघाल्या. रेल्वेचं वर्कशॉप लांब पडतं आणि पाणी मचूळ आहे. लताच्या पोटाला ते सोसणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. रिटायर व्हायला अजून पाच वर्षं आहेत, तोवर काही ना काही होईल.

तुझा,
सुखदेव


जयपूर,
२५ एप्रिल १९८५

प्रिय आत्या,
विभाचा जयभीम.

मी मराठीत पत्र पहिल्यांदा लिहिते आहे, चुका झाल्या तर हसू नका. पप्पांना माहीत नाही मी लिहिते ते. मम्मीला माहीत आहे.

आत्या, सगळं उलटं झालं. पप्पांना तुमचा हिस्सा नको होता. मतलब, ते स्वतःचा हिस्सा सोडणार होते, तुमच्या नावावर. अॅडव्हान्सच्या फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं की माझ्या किंवा बायकोच्या नावावर कुठे पण घर नाही. नंदकिशोर अंकल बोलले की अर्धा हिस्सा असला तरी घर आहे असंच धरतात, आधी तो सोडा. म्हणून उतारा पाहिजे होता आणि तुमची सही, घेणाऱ्याची. पप्पांना तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली. आजोबांनी दोन नावं एका कागदावर ठेवा सांगितलं होतं, आणि तुम्ही सगळ्यांना सांगता की घर आम्हा भावंडांचं आहे. ते म्हणायचे, ताईला वाटेल मी इकडे घर झालं म्हणून बापाच्या घरातून अंग काढून घेतलं.

आता तुमच्या कागदाने पूर्ण घर पप्पांचं झालं. म्हणून अॅडव्हान्स नाही मिळत, आणि पप्पांची रजा पण अजून मंजूर नाही.

सोमवारी नंदकिशोर अंकल स्वतः क्वार्टरवर आले. बोलले, "तायडेजी, बडनेरा कौन देखने जा रहा है? लिख दो, मकान नहीं है." पेन पण दिलं हातात. पप्पांनी फॉर्म परत एकदा वाचला. मग पेन परत दिलं आणि मराठीतच बोलले, अंकलना समजणार नाही हे विसरून. "माझ्या बहिणीने काल मला घर दिलं. आज मी माझ्या हाताने लिहू, मला घर नाही?"

मम्मीने भिंतीवर कपाटासाठी जे माप घेतलं होतं, ती दोरी तिने पेटीत ठेवून दिली. माझी ऑर्डर या वेळी अजून आली नाही, आज चौथा दिवस आहे. आत्या, ३१ मेला अजून वेळ आहे. तुम्ही काही करा.

तुमची,
विभा


बडनेरा,
३० एप्रिल १९८५

सुखदेव,

फेब्रुवारीत गोड असलेलं पाणी एप्रिलमध्ये मचूळ कसं झालं रे? खोटं बोलायचं तर आधी काय लिहिलं होतं ते तरी लक्षात ठेवावं. लहानपणी बोरं चोरून खायचास तेव्हाही बिया खिशातच राहायच्या तुझ्या.

पोरीला रागावू नकोस. तिने एका पानात जे लिहिलं ते तुला तीन महिन्यांत लिहिता आलं नाही. 'ताई, मला माझा हिस्सा सोडायचा आहे' एवढं वाक्य! मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी सही केली असती.

आणि मी तरी काय केलं? तीस वर्षं पोरांना सांगत आले, प्रश्न पुरा वाचा, मग उत्तर लिहा. तुझा प्रश्न पुरा विचारलेला नव्हता तरी मी उत्तर लिहून, शिक्का मारून मोकळी झाले. 'तुला त्रास होईल असं काही मी करणार नाही' असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. ते मी वाचलं आणि मानलं नाही. माझ्या हाताला लाज वाटते आहे.

आता बोलण्यात वेळ घालवू नकोस. रजा देत नसतील तर बहीण मरायला टेकली आहे असं सांग. मीनाक्षी एक्सप्रेसने येऊन अकोल्याला उतर, तिथून बडनेरा कितीसं लांब. मी स्टॅम्प पेपर आणून ठेवते, लेखनिकाला सांगून ठेवते. घर माझ्या नावावर करून दे आणि दुसऱ्या गाडीने परत जा. बाबांनी दोन नावं म्हटलं होतं खरं. त्यांच्या वेळी हा फॉर्म नव्हता.

ताई


जयपूर,
१६ जून १९८५

ती. ताईस जयभीम.

तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील हे माहीत असूनही पंधरा दिवस पत्र लिहिलं नाही. आज रविवार, लिहायला बसलो.

नऊ मेला आपण बक्षीसपत्र केलं, तेरा तारखेला मी कागद ऑफिसात दिले. लेखनिक तीनदा विचारत होता ना, "भाऊ बहिणीले देते का बहीण भावाले?" ते मी इथे सांगितलं तर नंदकिशोरजी खूप हसले. माणूस भला आहे. स्वतः फाइल घेऊन टेबलाटेबलावर फिरला. पण मंजुरी वरच्या ऑफिसातून यायची असते आणि तिला तिचे दिवस लागतात. मंजुरी आली अकरा जूनला. घर एकतीस मेलाच गेलं होतं.

आज सकाळी कुणाला न सांगता मालवीय नगरला जाऊन आलो. कशाला गेलो ते विचारू नकोस. तिसऱ्या खिडकीत एक बाई पापड वाळत घालत होती. अंगणात तिच्या नवऱ्याने कढीपत्त्याचं रोप लावलं आहे. पंपावर पाणी प्यायलो, गोडच आहे.

तुझा राग आला ताई. बसमध्ये येताना फार आला. हिला कुणी सांगितलं होतं कचेरीत जायला, असंच मनात येत होतं. मग स्वतःचाही आला. मी पहिल्याच पत्रात चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर आज त्या खिडकीत लता असती. हा राग इतक्यात जाणार नाही, तुझ्यापासून लपवतही नाही. लपवून काय होतं ते बघितलं आपण.

विभाची ऑर्डर या वेळी आलीच नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नवं कार्ड काढलं आहे. दोन शिकवण्या धरल्या आहेत.

शहराच्या उत्तरेला विद्याधर नगर म्हणून मोठी वसाहत होते आहे. तिथल्या घरासाठी काल नाव नोंदवलं. सोडत कधी निघेल, तोवर माझी किती वर्षं उरतील आणि किती अॅडव्हान्स मिळेल, कुणी सांगू शकत नाही. ऑफिसच्या अर्जावर या वेळी लिहिलं, 'माझ्या किंवा पत्नीच्या नावावर कोठेही घर नाही.' आता ते अगदी खरं आहे. तरी 'नाही' लिहिताना हात अडला.

तुझा,
सुखदेव


बडनेरा,
२३ जून १९८५

चि. सुखदेवास आशीर्वाद.

पत्र वाचलं. रागाव. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, तेवढा राग मला पेलतो. पुढच्या पत्रात उरलेला लिही, पण लिही.

बत्तीस वर्षं या घरात राहिले, आणि आता कागदावर मी एकटीच त्याची मालकीण आहे. इंदुबाई येऊन उतारा हातात धरून गेली. तिला वाचता येत नाही तरी माझं नाव कुठे आहे ते बोटाने विचारत होती. मी दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही, तो तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझ्या खिडकीच्या बदल्यात झाला, म्हणून घास गिळवत नाही.

विभाला माझ्याकडे पाठव. इथल्या शाळेत सुट्टीवर गेलेल्या बाईंच्या जागी सहा महिन्यांची नोकरी आहे, मी हेडमास्तरांशी बोलले आहे. कायमची नाही, पण मध्ये घरी बसवत नाहीत. मराठी मी शिकवीन. पत्र चांगलं लिहिते ती, तुझ्यापेक्षा.

आता शेवटचं. मागची खोली मी तुझ्याकडे मागून घेतली होती, आठवतं? ती परवा रिकामी केली, चुना दिला. माझं सामान पुढे आणलं. त्या खोलीला नवं कुलूप लावलं आहे आणि एक किल्ली या पाकिटात घातली आहे. विद्याधर नगरचं घर मिळालं तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. नाही मिळालं तर पाच वर्षांनी क्वार्टर सोडशील त्या दिवशी तू आणि लता इथे या. इथे कुणी कोण म्हणून विचारणार नाही आणि चहा मी स्वतः करीन.

अर्जात लिहिलंस ते बरोबरच आहे, खोडू नकोस. घर माझं आहे. तू फक्त किल्ली जपून ठेव.

तुझी,
ताई